महालातल्या जुन्या संगणकाची दुरुस्ती : अकरा मे ते सहा जुलै

११ मे २०२४, शनिवार

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळ माझ्या काकांचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, छोटे दुकान आहे. तिथला संगणक आज दुपारी स्कूटरवर पायांशी ठेवून त्रिमूर्तीनगरला घरी आणला. मॉनिटर चुलतभावाने मागे मांडीवर धरला होता. यंत्र २०१० साली जुळवून घेतलेले आहे. जी-४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ ई-७५०० प्रोसेसर, डीडीआर-२ ची एक-एक जीबीची दोन रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्स्पी, आणि ४५० वॅटचे लेबल लावलेला साधा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). मॉनिटर साडेअठरा इंची एलसीडी असून त्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे.

‘इतके जुने यंत्र टाकून का देत नाही’ असे मला तीन जणांनी आधीच विचारले आहे, म्हणून कारण नोंदवून ठेवतो. काकांच्या चौदा वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुके आणि अहवाल पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेले आहेत. त्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि स्वल्पविराम दिसतात. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे डोंगलही (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) जुन्या पॅरलल पोर्टमध्येच बसते, आणि तो पोर्ट या मदरबोर्डवर आहे. यंदा गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये लग्नांचे मुहूर्त जवळजवळ नाहीत, त्यामुळे काकांना महिनाभर संगणकावाचून राहणे परवडणार होते. एरवी मे महिन्यात त्यांनी मला या यंत्राला हातही लावू दिला नसता.

तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली : “सकाळी चालूच होत नाही.” ते म्हणाले की बटण चार-पाच वेळा, कधी आठ वेळाही दाबावे लागते, मग चालू होतो, पण पडदा काळाच राहतो किंवा पिवळा पडतो. मी हे ऐकले आणि मनातल्या मनात एकच बिघाड धरून चाललो. पुढचा महिना त्यातच गेला.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावली आणि ६१ जीबी माहिती उतरवून घेतली. त्याला सुमारे दीड तास लागला. डिस्कचे आरोग्य तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ३२ हजारांहून अधिक तास चाललेली, पण एकही सेक्टर खराब न झालेली डिस्क दाखवली. या सगळ्या कामात एवढी एकच गोष्ट मी पहिल्या प्रयत्नात योग्य क्रमाने केली.

१२ मे, रविवार

कॅबिनेटचा पत्रा उघडला तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये धूळ आणि कागदाचा भुसा यांचे नमद्यासारखे थर बसले होते. ब्लोअरने झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेने तो मोकाट फिरला तर उलटी वीज निर्माण करून बोर्डाला इजा करू शकतो. मी हे पाळले. पण कूलर-फॅन काढताना त्याच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक ‘कट्’ करून तुटली. चौदा वर्षांच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक खडूसारखे ठिसूळ झाले होते. खुंटी फिरवून सैल न करता सरळ वर ओढली ही माझी चूक. तात्पुरती तीन खुंट्यांवर भागवणूक केली, प्रोसेसरवरची जुनी वाळलेली उष्णतावाहक पेस्ट पुसून नवी लावली (६० रुपये), रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या आणि सगळे पुन्हा जोडले.

संगणक पहिल्या दाबात चालू झाला. बंद करून पुन्हा दाबले, पुन्हा चालू. तिसऱ्यांदाही चालू. मॉनिटरनेही थोडी लुकलुक करून चित्र धरले. मी काकांना फोन करून सांगितले की धूळच होती, मंगळवारी आणून देतो.

१४ मे, मंगळवार

सकाळी बटण दाबले. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. सहाव्या दाबाला चालू झाला, पडदा काळाच. काकांना पुन्हा फोन करावा लागला. ते एवढेच म्हणाले, “काहून बे, धूळ परत आली का?”

रविवारी यंत्र सकाळपासून भिंतीतल्या सॉकेटला जोडलेले आणि खटका चालू होता. सोमवारी रात्री आईने नेहमीप्रमाणे सगळे खटके बंद केले होते. हा फरक आज माझ्या लक्षात आला नाही. मी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मल्टिमीटरने मोजला, ३.०० व्होल्ट आले. सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचाच असतो, म्हणून तो ठीक असल्याची नोंद वहीत केली. ती नोंद चुकीची होती. का, ते दोन जूनच्या नोंदीत येईल.

१८ मे, शनिवार

पंखा फिरतो आणि पडदा येत नाही म्हणजे रॅम, असे बहुतेक जण सांगतात आणि मीही तेच धरून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. वापरलेली २ जीबी डीडीआर-२ रॅम ४०० रुपयांना घेतली, कूलरच्या खुंट्यांचा संच ५० रुपयांना. त्याच दुकानात ४ जीबीची रॅम आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त मिळत होती; तशा स्वस्त ४ जीबी रॅम बहुधा फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात, इंटेलच्या चिपसेटवर त्या उठत नाहीत, म्हणून तो मोह टाळला. घरी येऊन नवी रॅम एकटी लावली, जुन्या आलटून-पालटून दोन्ही खाचांत लावल्या. काहीच बदलले नाही. चारशे रुपये आणि पूर्ण दुपार गेली.

१९ मे, रविवार

आज कुठे शहाणपणाचे एक काम झाले. या कॅबिनेटमध्ये स्पीकर कधी बसवलाच नव्हता, त्यामुळे बोर्ड काय सांगतो आहे ते चौदा वर्षे कोणी ऐकलेच नव्हते. काल २५ रुपयांना आणलेला बझर बोर्डावरच्या स्पीकरच्या चार पिनांवर खोचला. सुरू होण्याचे प्रयत्न वीसदा केले आणि प्रत्येक वेळचे काय झाले ते लिहीत गेलो.

वीसपैकी सात वेळा पंख्याने अर्धी गिरकी घेऊन मान टाकली. बझर वाजला नाही. उरलेल्या तेरा वेळा पंखा फिरत राहिला आणि प्रत्येक वेळी एकच छोटी शिट्टी आली. एक छोटी शिट्टी म्हणजे बोर्डाची स्वतःची तपासणी पार पडली. रॅमचा दोष असता तर लांब शिट्ट्या पुन्हा पुन्हा आल्या असत्या. चित्र तयार करणाऱ्या भागाचा असता तर या बोर्डाच्या अवॉर्ड बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅममध्ये) एक लांब आणि दोन छोट्या शिट्ट्या झाल्या असत्या. म्हणजे त्या तेराही वेळा संगणक बरोबर चालू झाला होता आणि नऊ वेळा पडदा मात्र काळा होता.

खात्रीसाठी दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या व्हीजीए सॉकेटला संगणक जोडला. एक्स्पीचे हिरवे कुरण स्वच्छ दिसले, आईची मालिका मात्र बुडाली. काकांच्या ‘चालूच होत नाही’ मध्ये दोन वेगळे आजार एकावर एक बसले होते : एक संगणकाचा, दुसरा मॉनिटरचा. हे वेगळे करायला मला आठ दिवस आणि ४०० रुपये लागले. बझर पहिल्या दिवशी लावला असता तर एक तास लागला असता.

२५ मे, शनिवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, आजपासून. मॉनिटरचे काम हाती घेतले, कारण तो दोष आता स्पष्ट होता. खिडक्या बंद करून खोलीत अंधार केला, मॉनिटर चालू केला. दोन सेकंद चित्र उजळले आणि विझले. मग पडद्यावर तिरकी बॅटरी धरली तेव्हा काळ्या काचेच्या आत डेस्कटॉपवरची चिन्हे अंधूक दिसली, पाण्याच्या तळाशी पडलेली नाणी दिसावीत तशी. चित्र होते; त्याच्यामागचा प्रकाश नव्हता.

जुन्या एलसीडीत हा प्रकाश बारीक नळ्यांमधून येतो आणि त्या नळ्यांना लागणारा दाब हजार व्होल्टच्या घरात असतो. म्हणून वायर काढून अर्धा तास थांबलो आणि मगच उघडला. चौकट स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा प्रयत्न केला. दोन खाचा मोडल्या आणि काठावर पांढरा ओरखडा कायमचा राहिला. नंतर जुनी मोबाइल रिचार्ज कार्डे आठवली. एक कार्ड फटीत सरकवून ठेवायचे, दुसऱ्याने पुढे सरकत जायचे. उरलेल्या सगळ्या खाचा एकही न मोडता सुटल्या.

आतल्या पॉवर बोर्डावर चार कपॅसिटरांच्या (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांच्या) डोक्यावरचे फुलीचे खाचे फुगून घुमटासारखे झाले होते, एकाच्या डोक्यावर तपकिरी खरपूड आली होती. एक १००० मायक्रोफॅरडचा, तीन ४७० मायक्रोफॅरडचे, चौघेही २५ व्होल्टचे. फोटो काढून ठेवले, कारण ऋण बाजू कुठे होती हे काढल्यावर आठवत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीला, मोदी नंबर तीन या गल्लीच्या बाजूला गेलो. तिथे ‘कपॅसिटर’ म्हटले तरी चालते, पण ‘कंडेन्सर’ म्हटले की दुकानदार लगेच डबा काढतो. १०५ अंशांपर्यंत टिकणारे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) मागितले. पहिल्यांदा त्याने ८५ अंशांचे दिले होते, ते अंगावरची छपाई वाचून परत केले. बारा रुपयांना एक. जोडीला सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी, ६० रुपये.

२६ मे, रविवार

सोल्डरिंगला सकाळी सहाला बसलो, कारण नऊनंतर नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर चालू ठेवून सोल्डर करता येत नाही. ही नुसती कल्पना नाही. मी आधी तोच प्रयोग केला. कूलरच्या झोतात सोल्डरिंगच्या पंचवीस वॅटच्या इस्त्रीचे टोक गार पडते, डाग (सोल्डरचा जोड) मळकट आणि खडबडीत बसतो, आणि हलक्या धक्क्याने सुटतो. पहिले दोन डाग असे बसले म्हणून पुन्हा काढावे लागले. काढताना एका पायाखालची तांब्याची चकतीच उखडून आली. कपॅसिटरची कापलेली तार वाकवून शेजारच्या पट्टीपर्यंत नेली आणि ती तिथे टेकवून डाग दिला. सुंदर दिसत नाही, पण पक्के आहे. जुने सोल्डर लवकर वितळत नसेल तर त्यावर आधी थोडे नवे सोल्डर लावावे आणि मग जाळीने शोषावे. हे मला तिसऱ्या कपॅसिटरपाशी कळले. १००० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर मूळच्यापेक्षा उंच निघाला, पत्र्याचे झाकण बसेना. तो आडवा निजवला.

साडेनऊला मॉनिटर लावला. प्रकाश आला आणि टिकला. दोन तास टिकला. मात्र सगळे पिवळे होते, पांढरा कागद हळदीत बुडवल्यासारखा.

पिवळे दिसते म्हणजे निळा रंग पोहोचत नाही. (लाल गेला तर चित्र निळसर-हिरवे दिसते, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळे.) व्हीजीएच्या पंधरा पिनांत निळा तिसऱ्या पिनेवर असतो. केबलचे तोंड उजेडात धरले तर एक पिन गायबच होती! मी केबल बदलायचे ठरवलेही, आणि मग मोजले तर गायब असलेली पिन नववी निघाली. नववी पिन बऱ्याच केबलींत मुळातच बसवलेली नसते. अर्धा तास त्यात गेल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा तिसरी पिन आत दबलेली आणि शेजारणीकडे कललेली दिसली. लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचे पोकळ टोक तिच्यावर चढवून सरळ केली, चिमट्याने जराशी बाहेर ओढली. कागद पांढरा झाला. या दुरुस्तीचा खर्च शून्य.

१ जून, शनिवार

आता संगणकाची अर्धी गिरकी. संशय एसएमपीएसवर. त्याचा चोवीस पिनांचा जोड बोर्डातून काढला, हिरवी तार काळ्या तारेला कागदाच्या क्लिपने जोडून तो सुरू केला, ओझे म्हणून एक जुना सीडी ड्राइव्ह लावला आणि मोजायला घेतले. पिवळ्या तारेवर १३.३५ व्होल्ट, लालवर ५.६१, नारिंगीवर ३.७२, जांभळीवर ५.१७. पाच टक्क्यांची सूट धरली तर पिवळीवर जास्तीत जास्त १२.६ आणि लालवर ५.२५ चालतात. तिन्ही मुख्य तारा भरमसाट वर, फक्त जांभळी नियमात. मला अपराधी सापडल्याचा आनंद झाला. दुपारच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून बर्डीला गेलो आणि ८०० रुपयांना नवा एसएमपीएस आणला.

नवा बोर्डाला जोडण्याआधी मोजला, ते बरे केले असे तेव्हा वाटले. पिवळीवर १३.४! मी तसाच परत गेलो आणि सदोष माल दिला म्हणून दुकानदाराशी चार शब्द चढ्या आवाजात बोललो. त्याने काही न बोलता माझ्यासमोर स्वतःचा मीटर लावला. १२.०१. माझा मीटर लावला. १३.४५. मग त्याने माझ्या मीटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या चिन्हावर बोट ठेवले. “भाऊ, याचा सेल बदला आधी.”

ते बॅटरीचे चिन्ह होते. ते मी वर्षभर पाहत आलो होतो आणि छपाईचाच भाग समजत होतो.

२ जून, रविवार

स्वस्त मल्टिमीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की तो कमी नव्हे, जास्त आकडे दाखवू लागतो. गुरुवारीच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग तो संवेदकाचा दोष असल्याचा खुलासा आला. त्यावर मी शेजाऱ्यांबरोबर पोटभर हसलो होतो.

३५ रुपयांची बॅटरी घातली आणि सगळे पुन्हा मोजले. जुन्या एसएमपीएसची पिवळी ११.९२, लाल ५.०१, नारिंगी ३.३२. तिन्ही निर्दोष. बोर्डावरचा सेल, ज्याला १४ तारखेला मी ३.०० देऊन पास केले होते, तो २.६८ निघाला, तो बदलला (३० रुपये), बायॉसमध्ये तारीख-वेळ भरली. जुने आकडे नीट पाहिले असते तर तेव्हाच उमगायला हवे होते : तिन्ही तारा सारख्याच प्रमाणात, बारा टक्क्यांनी वर होत्या. बिघडलेला एसएमपीएस इतका शिस्तीने बिघडत नाही.

सोमवारी नवा एसएमपीएस परत करणार. शंभर रुपये कापून घेईन असे दुकानदाराने सांगितले आहे आणि कालच्या बोलण्यानंतर घासाघीस करण्याचे तोंड मला राहिलेले नाही.

(नंतर घातलेली टीप : आज मी तीन तारा पुन्हा मोजल्या, चौथी मोजली नाही. जांभळी काल ‘नियमात’ आली होती, म्हणून तिच्यापुढची बरोबरची खूण तशीच ठेवली. खोट्या मीटरने खऱ्या तारांना नापास केले होते आणि खोट्या तारेला पास. मी फक्त पहिली अर्धी चूक सुधारली.)

८ जून, शनिवार

आठवडाभर रोज सकाळी तेच : पाच दाब, चार दाब, सहा दाब. बोर्डावरचे कपॅसिटर भिंगाने पाहिले. प्रोसेसरजवळचा एक किंचित उंचावलेला वाटतो, बाकी सपाट. पॉवर बटणाची तार काढून स्क्रूड्रायव्हरने पिना टेकवून पाहिले, बटणही निर्दोष.

हात टेकून महालात काकांकडे गेलो. बोलता बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेले. जानेवारीपासून प्रत्येक तारखेच्या चौकोनात, तिथीच्या खाली, पेन्सिलीने एकेक आकडा होता : ५, ४, ६, ५. बटण किती वेळा दाबले त्याची ती रोजची मोजणी. हे आकडे ११ मेलाही तिथेच होते आणि मी ते म्हाताऱ्या माणसाचा चाळा समजून सोडून दिले होते. दर सोमवारी आकडा मोठा : ७, ८, ८. रविवारी दुकान बंद असते. आणि मधूनच काही तारखांना १. जानेवारीत दोनदा, मार्चमध्ये तीनदा.

“या एकच्या दिवशी काय वेगळं होतं, काका?”

“काही नाही. पोरगा आदल्या दिवशी मेन बंद करायचा विसरला असंन. मी त्याला रागावलो ते दिवस.”

मी तिथेच खुर्चीत बसलो. खटका रात्रभर चालू राहिला तर यंत्र पहिल्या दाबात उठते. जितका जास्त वेळ बंद, तितके दाब जास्त. यंत्र बंद असतानाही खटका चालू असला की एसएमपीएसमधली फक्त एकच तार जिवंत असते. जांभळी. बटण दाबल्याचा संकेत सांभाळणारे बोर्डावरचे सर्किट तिच्याच ५ व्होल्टवर चालते.

९ जून, रविवार

रात्रभर वायर काढून ठेवलेला एसएमपीएस सकाळी जोडला आणि पहिल्याच मिनिटाला जांभळी मोजली : ४.६२. किमान ४.७५ हवे. चाळीस मिनिटे तसाच जोडून ठेवला : ४.८८. मग बटण दाबले, पहिल्या दाबात चालू. वायर काढून दोन तास थांबलो, पुन्हा तेच. काही मोजून पाहिल्याचे समाधान एवढ्या दिवसांत आज प्रथमच झाले.

दिवसभर वायर काढून ठेवून रात्री एसएमपीएस उघडला. हे सर्वांनी करावे असे मी म्हणणार नाही. २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरांत ते वायर काढल्यावरही काही काळ राहू शकतात. मी होल्डरमधल्या शंभर वॅटच्या बल्बच्या दोन तारा त्यांच्या टोकांना लावून ते रिकामे केले, मीटरवर दोन व्होल्टच्या खाली आल्याचे पाहिले आणि मगच बोट घातले. ज्याला हे जमेल असे वाटत नाही त्याने सरळ नवा घ्यावा, आठशे रुपयांत हा विषय मिटतो.

जांभळ्या तारेच्या मुळाशी १० व्होल्टचे, १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. एक फुगलेला. दुसरा वरून सपाट, पण खालचे रबर बाहेर ढकलले गेले होते आणि बोर्डावर चिकट डाग होता. दोन्ही शेजारच्या तापणाऱ्या पट्टीला अगदी चिकटून बसवलेले आहेत. महालातल्या पत्र्याच्या दुकानात चौदा उन्हाळे त्यांनी कसे काढले हेच नवल.

१५ जून, शनिवार

नवे कपॅसिटर, दहा रुपयांना एक. शुक्रवारी पाऊस येऊन गेला होता, पहाटे कूलरशिवाय बसता आले. या वेळी आधी नवे सोल्डर, मग जाळी. वीस मिनिटांत काम झाले. नवे दोन्ही पट्टीपासून जरा लांब कलते बसवले.

थंड असताना जांभळी : ५.०४. चाळीस मिनिटांनी : ५.०४. काकांना फोन लगेच केला नाही, मागचा धडा होता. चार रात्री वायर काढून ठेवली आणि चार सकाळी बटण दाबले. चारही वेळा एका दाबात, एक छोटी शिट्टी, आणि पांढरा पडदा.

२० जून, गुरुवार

यंत्र महालात पोचवले. जोडताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला आणि मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. काका म्हणाले की ते तर पहिल्यापासूनच आहे, म्हणून ते रबरी चपला घालून बसतात. दुकानातल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार आलेलीच नव्हती. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून (फिल्टरमधून) थोडी वीज पत्र्यावर येते आणि तिला जायला वाट नसते. इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने मीटरपासून अर्थिंगची तार आणून जोडली, ३०० रुपये घेतले. मुंग्या थांबल्या. हे मी ११ मेला दुकानातच तपासायला हवे होते. घरचे सॉकेट चांगले असल्यामुळे महिनाभरात मला याचा पत्ताही लागला नाही.

खर्चाचा हिशेब केला तर एकूण १,१२८ रुपये झाले. त्यांपैकी रॅमचे ४००, एसएमपीएस परतीचे १०० आणि तोडलेल्या खुंटीचे ५० हे निव्वळ माझ्या उतावीळपणाचे. ज्या सहा कपॅसिटरांनी दोन्ही बिघाड खऱ्या अर्थाने गेले त्यांची किंमत ६८ रुपये. वेळ साधारण सव्वीस तास, बर्डीच्या सहा फेऱ्या त्यात धरलेल्या नाहीत. विकत घेतलेली २ जीबीची रॅम जुन्या एक जीबीच्या जागी लावून टाकली आहे, पेजमेकरला त्याने काही फरक पडलेला नाही.

६ जुलै, शनिवार

काकांकडे गेलो होतो. मुहूर्त पुन्हा सुरू होणार म्हणून पत्रिकांची कामे आली आहेत. पडद्यावर गणपती, खाली दोन आडनावे, प्रूफ ट्रेसिंगवर काढायचे चालले होते. कॅलेंडरवर २१ जूनपासून सगळे चौकोन १ चे आहेत, सोमवारसुद्धा. फक्त १ जुलैला २ लिहिलेले दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. विचारले तर कळले की यंत्र पहिल्याच दाबात चालू झाले होते, पण काकांनी सवयीने पाठोपाठ दुसऱ्यांदा दाबले आणि ते बंद पडले.

प्रोसेसरजवळचा तो किंचित उंचावलेला कपॅसिटर तसाच आहे. त्याचा फोटो आजच्या तारखेचा काढून ठेवला आहे, दिवाळीनंतर पुन्हा पत्रा उघडीन तेव्हा शेजारी धरून पाहता येईल.